दंडारीतल्या रोग्याचा रस्सा

सुखरामनं आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक, मासोळीचा रस्सा. दुसरी, दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, रडणं.

रडण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पवनी तालुक्यात कोणी नव्हता. ढोलकी थांबली, की सुखराम आधी फक्त खालचा ओठ हलवायचा. तेवढ्यावरच पुढच्या रांगेतल्या बाया पदर शोधायला लागायच्या. मग तो एक हुंदका द्यायचा, लांबलचक, मधेच गिरकी घेणारा. तो संपेपर्यंत मागच्या रांगेतले बिडीवालेसुद्धा बिडी विझवून बसायचे. बाकी वर्षभर तो मोहटोल्याच्या तलावात जाळं टाकायचा आणि कोणाशी फारसं बोलायचा नाही. रडायला पूर्ण दंडार पाहिजे, नुसत्या आयुष्याला कोण रडतं, असं त्याचं साधं मत होतं.

मोहटोल्याची मात्र एक खोड आहे. माणसानं दंडारीत जे सोंग घेतलं, ते त्याच्या अंगावरून उतरत नाही. चौथी नापास झालेल्या एकानं कधीकाळी वकिलाचं सोंग घेतलं होतं. आजही बांधाचं भांडण झालं की लोक त्याच्या ओसरीवर जातात, आणि तोही डोळे मिटून, 'कलम लागते याले,' असं सांगून चहा पितो. सुखराम तरुणपणी राणी झाला होता. मिशी काढायला तयार नव्हता, म्हणून मिशीवाली राणी. पुढं वीस वर्षं तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, हाक यायची, "राणीसाहेब, जाळं वढा ना गा जराक."

त्याचं त्याला काही वाटत नसे. राणीच तर होती.

मागच्या दिवाळीनंतर भंडाऱ्याहून अपेक्षा मॅडम आल्या. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी होते, तिथं त्या लोकांना समजावून सांगायचं काम करतात. मॅडम बोलायच्या कशा, तर आधी चष्मा वर, मग पाणी, मग, "आपण सर्वांनी मिळून या विषयावर मोकळेपणानं बोलूया." हे ऐकलं की सगळे मिळून मोकळेपणानं गप्प बसायचे.

म्हणून मॅडमनीच युक्ती काढली. मंडईची जत्रा भरणार आहे, आजूबाजूच्या गावांचे पाहुणे येणार आहेत, तर एचआयव्हीवर दंडार करा. पहिल्या अर्ध्या भागात रोग्याची कहाणी: बाहेरगावी कामाला गेलेला माणूस आजारी पडून परत येतो, गाव त्याला वाळीत टाकतं. दुसऱ्या अर्ध्या भागात डॉक्टर येतो आणि सगळ्यांचे गैरसमज दूर करतो. रोगी कोण होणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. डॉक्टर झाला गावातलाच डोमा, कारण न्हाव्याकडून मागून आणलेला पांढरा अंगरखा त्यालाच बसला.

मंडईच्या दिवशी भरदुपारी दंडार सुरू झाली आणि सुखराम असा रडला, असा रडला, की जिलेबीवाल्याचं तेल जळलं. रोगी एकटा पिंपळाखाली बसतो, बायको लांबून भाकर सरकवते, त्या जागी तर भैय्याजी, म्हणजे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, खुर्चीवरून उठून बाजूला गेले आणि नाक शिंकरून आले. मग डोमा अंगरख्याची बटणं लावत रिंगणात आला, खाकरला, म्हणाला, "बंधू आणि भगिनींनो," आणि माईक बंद पडला.

ठोकून पाहिला. फुंकून पाहिला. वायर एकानं तोंडात धरून पाहिली. तोवर जत्रेतला आकाशपाळणा सुरू झाला आणि गर्दी तिकडं पळाली. डोमा पाच मिनिटं एकट्या अपेक्षा मॅडमना समजावून सांगत होता. त्यांना ते आधीच माहीत होतं.

अशा रीतीनं मोहटोल्यानं एचआयव्हीचा रोगी पाहिला, आणि औषध काही ऐकलं नाही.

पहिल्या आठवड्यात नुसती मस्करी होती. "कशी हाय गा तब्येत?" सुखरामही खालचा ओठ हलवून दाखवायचा. दुसऱ्या आठवड्यात ठेल्यावर सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आला आणि त्याला कागदी पेल्यात.

"माह्यासाठी काहून वेगळा?"

"स्पेशल हाय भाऊ," ठेलेवाला म्हणाला आणि लगबगीनं दुधाकडं पाहायला लागला. दूध अजून गॅसवर ठेवलंच नव्हतं.

मग न्हाव्याकडं ब्लेड संपली. सुखरामच्या आधीच्या गिऱ्हाइकाला होती, नंतरच्यालाही होती, मधेच संपली. खरं तर प्रत्येकाला नवीन ब्लेड लावायची गोष्ट अपेक्षा मॅडम त्याला तीनदा सांगून गेल्या होत्या. पण नवीन ब्लेड लावण्यापेक्षा गिऱ्हाईक परत पाठवणं त्याला सोपं वाटलं. दुसरीकडं डोमाची चांदी झाली. लोक त्याला 'डाक्तर' म्हणून रस्त्यात थांबवायला लागले. कोणी जीभ दाखवायचं, कोणी पाठीवरचं गळू. डोमाही हळूहळू "पानी जास्त पेत जा" असं म्हणायला शिकला होता, आणि बहुतेकांना त्यानं बरंही वाटत होतं.

सुखराम हे सगळं पाहत होता आणि मनात हसत होता. हसणं थांबलं ते चैत्रात, भैय्याजी घरी आले त्या दिवशी.

मोहटोल्याच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, जुनी रीत आहे. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, की एक दिवस सगळे मिळून महाजाळ ओढतात आणि त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटत नाही. पाळीवर तीन दगडांची मोठी चूल मांडायची, भला मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवायचा, आणि पहिली मासोळी सगळ्या घरांनी एका पंगतीत बसून खायची. त्या गंजातला पळा सतरा वर्षं सुखरामच्या हातात होता. राणी, रोगी, लोक काहीही म्हणोत. त्या एका दिवशी मोहटोला त्याच्या हाताकडं बघत बसायचा. सुखराम वर्षभर कमी बोलायचा, कारण त्याला जे सांगायचं ते त्या रश्श्यात सांगून झालेलं असायचं.

भैय्याजी ओसरीवर बसले. पाणी दिलं, तर त्यांनी तांब्याकडं नुसतं पाहिलं आणि "आत्ताच पेलो" म्हणाले.

"मी काय म्हनतो सुखराम, व्यक्तिशः माहा काही विरोध नाई."

"कायले?"

"नाई, व्यक्तिशः. पन लोक बोलून राहिले. यंदा पळा डोमाच्या हाती देऊ. डाक्तर हाय. स्वच्छता राहीन."

"डोमा डाक्तर नाई गा. डोमा डोमा हाय."

"थे मलेबी समजते," भैय्याजी म्हणाले. "व्यक्तिशः समजते. पन तू असा रडला ना बाप्पा त्या दिवशी. असं झाल्याबगर कोनी रडते का?"

एवढं मोठं कौतुक सुखरामचं आजवर कोणी केलं नव्हतं, आणि इतकं जिव्हारीही काही लागलं नव्हतं.

आतून त्याची बायको बायाबाई हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली. "ओ अध्यक्ष. सव्वीस वर्षं झाले लग्नाले, हा मानूस पवनीच्या पुढं एकटा गेला नाई. याले कोठून होते थे? याले साधी सर्दीबी गावात सगळ्याईच्या मागून होते. असल्या बिमाऱ्या चांगल्या घरच्या मानसाले नाई होत."

"मंग कागद आना," भैय्याजी उठत म्हणाले. "तपासनीचा कागद दाखवा, पळा घ्या. सोपी गोष्ट हाय."

आणि ती खरंच सोपी वाटत होती.

तपासणी पवनीलाही होते. पण पवनीत अर्धे लोक सोयरे, उरलेले मासोळीचे गिऱ्हाईक. म्हणून सुखराम भंडाऱ्याला निघाला, तोंडाला दुपट्टा बांधून, उन्हाचं निमित्त सांगून. एसटीत कंडक्टरनं, "राणीसाहेब, भंडारा का?" असं विचारून तिकीट फाडलं. दुपट्टा त्यानं तरीही सोडला नाही.

अपेक्षा मॅडमनी दार लावून घेतलं, चष्मा वर केला, पाणी प्यायल्या. "दादा, तपासणी करायची ती तुमच्या मर्जीनं. कोणी जबरदस्ती केलीय का?"

"नाई. व्यक्तिशः नाई."

मग त्यांनी असे प्रश्न विचारले, की सुखराम भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एप्रिलच्या सगळ्या तारखा वाचून मे महिन्यावर गेला. बायकोशिवाय कोणाशी संबंध? कंडोम वापरलं होतं का? दुसऱ्याची सुई कधी टोचून घेतली? रक्त चढवलं? तो प्रत्येकाला मान हलवत राहिला. मॅडम न लाजता, तूरडाळीचा भाव सांगावा तशा बोलत होत्या. त्यामुळं तिसऱ्या प्रश्नानंतर त्याचीही लाज जराशी दमली.

"एक इनंती हाय," रक्त देऊन झाल्यावर तो म्हणाला. "निकाल मोठ्या अक्षरात लिवून द्याल का? ग्रामपंचायतीच्या भिंतीले लावाचा हाय."

मॅडमनी चष्मा काढूनच ठेवला. "तो कागद तुमचा आहे, दादा. भिंतीचा नाही. तो दाखवा म्हणून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. कायदाच आहे तसा."

निकालाला वेळ होता. सुखराम बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला आणि दुपट्टा आणखी वर ओढला.

"सोडा थो दुपट्टा, भाऊजी. गुदमरून जाल इतल्या गर्मीत."

शेजारी रंजू बसली होती. त्याच्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत औषधाच्या डब्या. दर महिन्याला ती भंडाऱ्याला जायची. गावाला माहीत होतं, की तिला थायराइडची गोळी लागते. गाव तिच्या थायराइडला लिंबू, मेथी, कडुनिंब असे उपायही सुचवायचं.

"वयनी, तुमी इथं कायले?"

"तुमी कायले?"

"मी त्या दंडारीपायी," सुखराम म्हणाला. "खोट्या बिमारीचा खरा कागद न्याले आलो."

रंजूनं पिशवीचं तोंड घट्ट केलं. मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "माही खरी हाय. तुमचे भाऊ गेले, तवा तपासलं. आठ वर्षं झाले गोळीले. एक दिस चुकली नाई. आता तं तपासनीत इषानू दिसतबी नाई म्हनते डाक्तर."

ती हे बोलली ते बाजारात आज वांगी महाग आहेत म्हणावं तसं. सुखराम ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या नकळत तो बाकावर चार बोटं पलीकडं सरकला.

"सरकले ना," रंजू म्हणाली.

"मी? नाई. माह्या पायाले मुंगी आली."

"तुमी रोग्याचं सोंग घेतलं. मी तितं रडली. आन तुमीच सरकले." ती चिडली नव्हती, उलट तिला हसू येत होतं, आणि त्यानं सुखरामला जास्त लाज वाटली. "आठ वर्षं तुमच्या गंजातला मसाला मीच वाटून राहिली भाऊजी. तुमाले काही झालं का? गावाले काही झालं? एकदा भैय्याजीच्या पोटात दुखलं, तं थे बारा तुकडे खाल्ल्यानं."

सुखराम चार बोटं परत आला. मग आणखी दोन बोटं आला. बायाबाईचं बोलणं त्याला आठवलं, 'चांगल्या घरच्या मानसाले नाई होत,' आणि त्यानं ते गिळून टाकलं. रंजूच्या घराइतकं सारवलेलं अंगण मोहटोल्यात दुसरं नव्हतं.

"कागद भेटला का दाखवून देतो," तो विषय बदलायला म्हणाला. "मंग पळा आपला."

"दाखवा," रंजू म्हणाली. "तुमाले सोपं हाय. आज तुमी दाखवाल. उद्या भैय्याजी म्हनन, मसाला वाटनारीनंबी दाखवा." ती उठली, पिशवी काखेत घेतली. "मी काही बोलली नाई. तुमाले वाटन तसं करा. माही एसटी लागली."

तासाभरानं कागद मिळाला. एचआयव्ही निगेटिव्ह. मॅडमनी पुढं कधी गरज पडली तर काय करायचं तेही सांगितलं, कंडोमचं पाकीटही दिलं. ते त्यानं दुपट्ट्यात असं गुंडाळलं, की घरी बायाबाईनं दुपट्टा झटकला तेव्हा त्याला अपेक्षा मॅडमसारखं मोकळेपणानं बोलावं लागलं. पण तो भाग नवराबायकोचा.

महाजाळाचा दिवस उजाडला. सकाळी दोरखंड ओढताना सुखरामला कोणी अडवलं नाही; ओढायला माणसं लागतात. कतला निघाला, रोहू निघाली, तळाच्या चिखलातून दोन दांडग्या मरळी निघाल्या. चूल पेटली. रंजू पाट्यावर लसूण, मिरची आणि भाजलेली अळशी वाटायला बसली. डोमा न्हाव्याचा पांढरा अंगरखा घालून आला.

"आनला का कागद?" भैय्याजींनी सगळ्यांसमोर विचारलं. आवाज गोड होता.

"आनला."

"मंग दाखव अन् घे पळा. कोनाचा काही विरोध नाई."

कागद सदऱ्याच्या खिशात होता. काढायचा म्हटलं तर दोन बोटांचं काम. बायाबाई डोळ्यांनी खुणावत होती, काढा, काढा. पाट्यावर वरवंटा चालला होता, त्याचा आवाज थांबला नाही, हळूही झाला नाही. रंजू वर बघत नव्हती.

"नाई दाखवत," सुखराम म्हणाला.

"काहून?"

"थो माहा हाय. काही निघो त्याच्यात. निगेटिव्ह असो का पाझिटिव्ह असो, रस्सा तितलाच लागते. ज्याले खाचा त्यानं खा. कागद पाहून खानार असान, तं मले पळा नोको."

असं म्हणून तो पाळीवर जाऊन लांब बसला. दंडारीत अख्ख्या गावाला रडवणाऱ्या माणसाचे डोळे पहिल्यांदाच फुकट भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो तलावाकडं तोंड करून बसला.

इकडं पळा डोमाच्या हातात आला. त्यानं गंजात आधी पाणी ओतलं, मग मासोळी टाकली, मग विचार केला, मग मासोळी बाहेर काढून तेल शोधायला लागला. तेल पाण्यात टाकलं. ते वर तरंगायला लागलं. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. म्हातारे चुळबुळ करायला लागले. वर्षातून एक दिवस, आणि मरळीची ही दशा.

"डाक्तर," भैय्याजी घाबरून म्हणाले, "तू बरा हाय ना?"

"मले येत नाई गा," डोमा म्हणाला. "मी कवा म्हनलो येते म्हनून?"

"मंग आता कसं कराचं?"

डोमानं पळा खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. पाच महिने त्याच्या पोटात एक भाषण पडून होतं. "सुखरामले बोलवा," तो म्हणाला. "आन ऐका आता. मंडईत माईक बंद पडला, तवाचं सांगाचं राहिलं हाय. एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाई. हात लावल्यानं नाई, मच्छर चावल्यानं नाई, एका तलावात आंघोळ केल्यानं नाई. निरोध न वापरता संबंध ठेवला तं होते. एकाची सुई दुसऱ्याले टोचली तं होते. न तपासलेलं रक्त चढवलं तं होते. मायपासून लेकराले होऊ शकते, पन येळेवर औषध घेतलं तं लेकरू वाचते. आन रोज गोळी खानारा मानूस तुमच्या-माह्यासारखा जगते. झालं."

'निरोध' या शब्दाला अर्ध्या बायांनी पदर तोंडाशी नेला आणि अर्ध्यांनी दुसऱ्यांदा नीट ऐकू यावं म्हणून मान पुढं केली.

"हे खरं हाय का?" भैय्याजींनी विचारलं.

"मॅडमनं लिवून देल्लं," डोमा म्हणाला. "खोटं असतं तं मले इतकं पाठ झालं नसतं."

भैय्याजींनी गंजाकडं पाहिलं. तरंगणाऱ्या तेलाकडं पाहिलं. आपल्या पोटावरून हात फिरवला. मग पाळीकडं तोंड करून, जरा खालच्या आवाजात, हाक मारली. "सुखराम. ये गा. मरळ वाचव."

सुखराम आला. त्यानं पाणी उपसून फेकलं, गंज पुसला, तेल तापवलं. मसाला तेलात पडला तसा वास पाळीवरून पार शेतातल्या तळ्यापर्यंत, बोडीपर्यंत गेला. चिंचेचा कोळ पडला. ठेलेवाला उठून आपल्या वाट्याची कच्ची मासोळी पानात बांधून घरी घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी दोन घरं गेली. सुखरामनं त्यांना हाक मारली नाही. बाकीचे पत्रावळ्या घेऊन बसले, पण हात मांडीवरच. भात वाढला, रस्सा वाढला, वाफा निघत होत्या, आणि प्रत्येक जण शेजारी कधी सुरू करतो याची वाट पाहत होता. भैय्याजी तर घास कालवून पुन्हा पुन्हा कालवत होते, व्यक्तिशः.

रंजूनं पहिला घास घेतला. सावकाश चावला. काटा काढून पत्रावळीच्या कडेला ठेवला. सगळी पंगत तिच्या तोंडाकडं पाहत होती.

"मसाला कच्चा राहिला, भाऊजी," ती म्हणाली.

सुखरामनं पळा भरून मरळीचा डोक्याकडचा तुकडा तिच्या भातावर ठेवला.

"वाटनारीनं जाडा वाटला तं मी काय करू," तो म्हणाला, आणि पुढच्या पत्रावळीकडं वळला. पंगतीत कोणीतरी हसलं. भैय्याजींनी घास तोंडात टाकला.